नाटकाच्या तिकिटांना वीस मायक्रोसर्व्हिसेस कशाला?

दादर_पूर्व:
आमची छोटी कंपनी मराठी नाटकांची तिकिटं ऑनलाइन विकते. गेल्या शनिवारी एका गाजत्या नाटकाचा प्लॅन (खुर्च्यांचा नकाशा) सकाळी नऊला उघडला आणि ९.०२ ला साइट आडवी. सोमवारी साहेबांनी फर्मान काढलं: सगळं फोडा, मायक्रोसर्व्हिसेस करा (एका मोठ्या प्रोग्रॅमऐवजी प्रत्येक कामाची वेगळी छोटी सेवा), त्या सांभाळायला कुबरनेटिस ही यंत्रणा आणा. फळ्यावर वीस सेवांचे वीस चौकोन काढूनही झाले.

माझं मत उलटं आहे. नाट्यगृहात खुर्च्या हजाराच्या आसपास. हाऊसफुल्ल झालं तरी लिहायच्या नोंदी तेवढ्याच, आणि पोस्टग्रेससारखा साधा डेटाबेस ते झोपेत करेल. आम्ही झोपलो ते बघ्यांमुळे. जो तो दर दोन सेकंदांनी प्लॅन रिफ्रेश करत होता आणि प्रत्येक रिफ्रेश थेट डेटाबेसवर आदळत होता. पोस्टग्रेसमध्ये आपण काही बदललं नाही तर एका वेळी १०० कनेक्शन्स मिळतात. ती बघ्यांनी खाल्ली आणि पैसे भरून बसलेले लोक बाहेर ताटकळले. प्लॅनचं चित्र पाच सेकंद शिळं दाखवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? खरंखोटं विकण्याच्या क्षणी तपासायचं.

शिवाय हिशोब करा. एक सेवा ९९.९ टक्के वेळ चालते म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. अशा वीस एकीवर एक अवलंबून ठेवल्या की उरतात ९८ टक्के. वर्षातले सात दिवस गेले!

तिसरी_घंटा:
हिशोब बरोबर, गृहीतक चूक. वीसही एका माळेत कोण ओवतंय? नाटकाचे फोटो, परीक्षणं, एसएमएस हे सगळं मेलं तरी तिकीट विकलं गेलं पाहिजे. तुमच्याच गोष्टीत बघ्यांनी गिऱ्हाइकांची कनेक्शन्स खाल्ली. घर एकच असलं की असंच होणार. वीस नकोत, पण 'बघणं' आणि 'विकणं' ही दोन बिऱ्हाडं वेगळी हवीतच.

कर्जत_फास्ट:
कुणी डबेवाल्यांचं उदाहरण द्यायच्या आत सांगतो: नको. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये ऐकलंय.

खिडकी_क्रमांक_२:
मी या धंद्यात कागदाच्या प्लॅनच्या काळापासून आहे. खिडकीवर एक क्लार्क, एक छापील प्लॅन, एक पेन्सिल. खुर्चीवर फुली मारली की विषय संपला. एकच खुर्ची दोघांना गेल्याचं क्वचितच घडायचं, कारण पेन्सिल एकच. ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो या आपल्या डेटाबेसचा शोधनिबंध काढला, त्यात शॉपिंग कार्टच्या दोन आवृत्त्या झाल्या तर नंतर एकत्र करायची सोय आहे. कार्टचं ठीक आहे. पण 'सी १२' वर बसलेली दोन कुटुंबं एकत्र कशी करणार? डोअरकीपरला विचारा.

मात्र एक गोष्ट आम्हीही करायचो. मागच्या चार रांगा दुसऱ्या केंद्राला देऊन टाकायच्या. तिथला प्लॅन वेगळा, पेन्सिल वेगळी, दर फुलीला फोन करायची गरज नाही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी उरलेली तिकिटं परत यायची. आज याला शार्डिंग म्हणतात आणि त्याचे पगार जास्त असतात.

रात्रपाळी:
पेन्सिल एकच, मान्य. क्लार्क आजारी पडला तर?

दादर_पूर्व:
स्टँडबाय आहे ना, आयत्या वेळी काम उचलणारा दुसरा डेटाबेस. दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये, दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर.

रात्रपाळी:
२४ फेब्रुवारी २०२१ आठवा. राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार ११.४० ला थांबले ते ३.४५ ला सुरू झाले. लिंक दोन टेलिकॉम कंपन्यांच्या होत्या, बिघाड दोन्हींकडे झाला. पर्यायी केंद्र होतं, पण त्या दिवशी तिकडे गेले नाहीत. 'आमच्याकडे दोन आहेत' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोन्ही केबल रस्त्याखालून एकाच चरातून जात नाहीत ना, हे कुणी पाहिलंय का?

तिसरी_घंटा:
आणि शनिवारी ज्यांचे पैसे कापले गेले त्यांचं काय झालं? त्याबद्दल मूळ पोस्टमध्ये चकार शब्द नाही.

दादर_पूर्व:
तिथे बोट ठेवलंत. आम्ही बँकेच्या उत्तराची १० सेकंद वाट बघायचो, नाही आलं की 'फेल' लिहून खुर्ची मोकळी. उत्तर चौदाव्या सेकंदाला यायचं: पैसे मिळाले. तोवर खुर्ची तिसऱ्याच माणसाच्या नावावर. वर ॲप आपोआप तीनदा प्रयत्न करायचं, तेही लगेच आणि सगळ्यांचे एकाच ठोक्याला. काहींचे दोनदा कापले. परवा एका आजोबांचा फोन आला, "पैसे दोघांचे घेतलेत, बायको कुठे बसवू?"

खिडकी_क्रमांक_२:
उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं नव्हे. तिसरी अवस्था ठेवा: 'ठरायचंय'. खुर्ची दहा मिनिटं अडवा, बँकेला पुन्हा विचारा, मगच सोडा. प्रत्येक खरेदीला एकच क्रमांक द्या. तोच क्रमांक पाचदा आला तरी पैसे एकदाच कापले जावेत. पुन्हा प्रयत्न करताना दर वेळी थांबणं दुप्पट करा, त्यात थोडा फासा टाका, कुणाला जरा कमी, कुणाला जरा जास्त, म्हणजे सगळे एकदम दारावर येत नाहीत.

दादर_पूर्व:
यातल्या एकालाही कुबरनेटिस लागत नाही, हे नोंदवून ठेवतो.

तिसरी_घंटा:
आणि बघणं-विकणं वेगळं करायला तुम्ही नाही म्हटलं नाहीत, हे मी नोंदवतो.

रात्रपाळी:
माझा प्रश्न तसाच राहिला. स्टँडबायवर खरोखर कधी गेला आहात का?

दादर_पूर्व:
नाही. या रविवारी मेगाब्लॉक घेतो.

खिडकी_क्रमांक_२:
रविवारी? दुपारी एक आणि रात्री एक प्रयोग असतो हो. मंगळवारी घ्या.