मदत हवी आहे: स्वस्तातली लॅप स्टील गिटार कुठली घ्यावी? (जरा तातडीचं)

बेसूर_बंडू
लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार, शिकायचीय. नवशिक्याला चालेल अशी स्वस्तातली कुठली घ्यावी? एक जण जुनी विकतोय, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईकही आहे, म्हणून दोन दिवसांत ठरवायचंय. घरच्या गिटारवर करून पाहिलं, तारा तुटल्या. म्हणजे वेगळं वाद्य लागणारच. 'आधी साधी गिटार शिका' असले सल्ले कृपया नकोत. फक्त नाव सांगा.

खर्जातला
नाव सांगतो हो, पण इलेक्ट्रिक की अकूस्टिक? अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आहे का? सहा तारांची की आठ? आणि तारा तुटल्या त्या कुठल्या, काय करताना?

बेसूर_बंडू
इलेक्ट्रिकच बहुतेक. अँप नाही. लागतोच का? तारा जाड बाजूच्या. आधी सहावी, दुसऱ्या दिवशी पाचवी.

पितळी_खुंटी
लागतोच. इलेक्ट्रिक लॅप स्टील म्हणजे खुंट्या लावलेली भरीव फळी, पोकळ पेटी नसतेच. अँपशिवाय तुम्हाला स्वतःलाच ऐकू येईल, तेही पंखा बंद असेल तर. हेडफोन लावायचा छोटा अँप मिळतो, सुरुवातीला तो पुरतो. माझे पहिले तीन महिने त्यावरच गेले. घरात शांतता टिकली ती त्यामुळेच.

तरफदार
लॅप स्टीलपेक्षा मोहनवीणा (खाली आपोआप झंकारणाऱ्या तरफा लावलेली गिटार) का नाही घेत? विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं ते ऐका आधी. मींड (सुरावरून सुरावर सरकणं) काय असते ते कळेल.

खर्जातला
तरफदार, माणूस स्वस्तातलं मागतोय आणि तुम्ही त्याला तरफांसकट वीसेक तारा जुळवायला बसवताय.

तरफदार
स्वस्ताचाच विचार करायचा तर शिट्टी वाजवावी.

तिरका_बार
बंडू, ट्यूनिंग, म्हणजे तारा कुठल्या सुरांना जुळवायच्या ते, कुठलं लावत होतात? सी सिक्स्थ तर नव्हे?

बेसूर_बंडू
हो, तेच. व्हिडिओत तेच होतं. सा-ग-प-ध-सा-ग. त्याचा गिटार घेण्याशी काय संबंध?

तिरका_बार
तिथेच तर घोळ आहे. त्या ट्यूनिंगला सहावी तार नेहमीच्या खालच्या ई सुरावरून थेट वरच्या सी सुराला जाते, म्हणजे आठ अर्धस्वर वर. त्याच तारेवर ताण अडीचपट होतो. पाचवी सात अर्धस्वर चढते. तारा तुटल्या हे नशीब समजा, त्या टिकल्या असत्या तर ब्रिज (पेटीवर तारा अडकवतात ती पट्टी) उखडून हातात आला असता. वाद्याचा दोष नाही. सी सिक्स्थला सहावी तार बरीच बारीक, इंचाच्या हजाराव्या भागांत 36 च्या आसपासची लागते. तुमच्याकडे नेहमीच्या संचातली जाडजूड असणार.

साध्या गिटारवर ओपन डी लावा: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. यात एकही तार चढत नाही, काही उतरतात, बाकीच्या आहेत तशा. नटवर, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात तिथे, बसवायची उंच धातूची पट्टी मिळते, ती लावली की तारा बोर्डापासून वर येतात आणि बार फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या काड्यांवर) खडखडत नाही. महिनाभर असं वाजवा, मग घ्या.

बेसूर_बंडू
हे आधी कुणीच का नाही सांगितलं? पण मला घ्यायचीच आहे.

पितळी_खुंटी
घेऊ द्या की त्याला. नटवरची पट्टी म्हणजे नुसती मनाची समजूत. मांडीवर पेटीवाली गिटार घसरते, मान गोल, पिकअप (तारांचा आवाज अँपला पोचवणारा भाग) नाही. मी सहा महिने घालवले त्यात आणि शेवटी विकतच घेतली.

तिरका_बार
सहा महिने वाजवलंत ना? मग वाया कसे गेले?

खर्जातला
बंडू, त्या व्हिडिओतल्या माणसाचे पाय दिसत होते का?

बेसूर_बंडू
पाय कशाला बघू? टेबलासारखं काहीतरी होतं. एक तार थांबलेली आणि दुसरी हळूच वर सरकते, तो आवाज हवाय मला.

खर्जातला
झालं! ती पेडल स्टील. बार जागेवर ठेवून पायाने आणि गुडघ्याने ठरावीक तारा ताणतात. लॅप स्टीलवर तसं थोडंफार बार तिरका धरून जमतं, पण हुबेहूब तो आवाज येणार नाही. ते आधीच मनात धरून घ्या.

जुना_रेडिओ
अवांतर: या वाद्याला जुने लोक हवाईयन गिटारच म्हणतात. हवाईच्या जोसेफ केकुकूने ही पद्धत रूढ केली असं मानतात. पहिली नावाजलेली इलेक्ट्रिक गिटारसुद्धा लॅप स्टीलच होती, रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', 1930 च्या दशकाच्या सुरुवातीची. दिसायलाही अगदी तवा.

तरफदार
मोहनवीणेवर कुणी बोलायचंच नाही का?

तिरका_बार
बंडू, ती जुनी बघायला जाल तेव्हा मोजपट्टी न्या. नटपासून ब्रिजपर्यंत मोजा, मग नटपासून बाराव्या रेघेपर्यंत. बरोबर निम्मं यायला हवं. यात फ्रेट नसतात, नुसत्या रेघा असतात, आणि स्वस्तातल्यांत त्या कुठेही छापलेल्या असू शकतात. डोळा रेघेवर आणि कान सुरावर, दोघांचं जुळलं नाही की नवा माणूस कानाला दोष देतो. खुंट्याही फिरवून बघा, तार उतरवली की घसरतात का. बार सोबत देतोय का विचारा.

बेसूर_बंडू
मोजून आलो. नट ते ब्रिज 57.2 सेंमी, बारावी रेघ 28.1 वर. बार देतोय, पण बोटभर आणि हलका आहे.

तिरका_बार
28.6 हवं होतं. म्हणजे रेघा 56.2 च्या हिशोबाने मारल्यात. बाराव्या रेघेवर बार ठेवलात की सूर अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका उतरलेला येईल.

पितळी_खुंटी
मग सोडा ती.

तिरका_बार
सोडायचं काय त्यात? 57.2 भागिले 17.817 (रेघांच्या हिशोबाचा ठरलेला आकडा) केलं की पहिली रेघ 3.21 वर येते. उरलेली लांबी पुन्हा 17.817 ने भागायची, पहिल्या रेघेपासून तितक्या अंतरावर दुसरी रेघ मिळते. असं करत पुढे जा. कागदावर आखा, वर पारदर्शक टेप लावा. फ्रेट नाहीत म्हणूनच हे जमतं. भाव मात्र यावरून पाडून घ्या. आणि बार जड घ्या, हलक्याने तार थरथरते आणि आवाज किरटा येतो.

बेसूर_बंडू
घेतली. भाव उतरवला, मोजपट्टी त्याच्यासमोरच काढली. चौदा रेघा आखून झाल्या, पंधरावीला कागद संपला. आता या इलेक्ट्रिकवर सी सिक्स्थ लावू की ओपन डी?

पितळी_खुंटी
सी सिक्स्थ.

तिरका_बार
ओपन डी. आधी सांगा, तिच्यावर तारा कुठल्या मापाच्या आहेत?

बेसूर_बंडू
गंजलेल्या आहेत. माप कसं बघायचं?