मदत हवी आहे: बिनपिसांचा बाण उजवीकडे जातो, म्हणजे नक्की काय समजायचं?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. सहा महिने झाले पारंपरिक धनुष्यावर सराव करतोय. साइट नाही, स्टॅबिलायझर नाही, बाण सरळ शेल्फवर (मुठीच्या वरच्या खाचेत) ठेवून मारायचा. धनुष्य ६२ इंची, लाकडी, टेकडाउन रिकर्व (भाग सुटे होणारं, टोकं पुढे वळलेली). लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) ४० पौंड लिहिलंय, म्हणजे ओढायला लागणारा जोर. मी उजव्या हाताने ओढतो. बाण कार्बनचे, ३१ इंच, पिसं खरी, टोक १०० ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं छोटं माप). बाण एका ओळखीच्याकडून वापरलेले घेतले, त्यांच्यावरची अक्षरं घासून गेलीत. तो म्हणाला, ५०० स्पाइनचे आहेत (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा).

आता अडचण. बाण शेपूट हलवत जातो आणि सुटताना रायझरपाशी (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागापाशी) 'टक्' असा आवाज येतो. पिसं बाणाला सरळ करून दोष झाकतात, म्हणून एका बाणाची पिसं काढून १२ मीटरवरून मारून पाहिला. तो पिसांच्या बाणांपेक्षा वीतभर उजवीकडे लागला, शेपूट डावीकडे झुकलेलं. सगळीकडे वाचलं की उजव्या हाताच्या माणसाचा बिनपिसांचा बाण उजवीकडे गेला तर तो फार लवचीक. लवचीक असेल तर कापून आखूड करायचा, म्हणून एक बाण इंचभर कापला. तो आणखी उजवीकडे, आवाजही जास्त! उरलेले अकरा बाण कापायचं धाडस होईना. कुठे चुकतंय?

इंचपट्टी:
करवत आधी लपवून ठेवा. कापलेला बाण पुन्हा लांब होत नाही.

तीन प्रश्न. तुम्ही खरोखर किती इंच ओढता? लिंबवरचे ४० पौंड २८ इंचांवरचे असतात. इंचभर कमी ओढलंत की साधारण अडीच पौंड गेले. ब्रेस हाइट, म्हणजे दोरी न ओढता मुठीपासूनचं तिचं अंतर, किती? आणि नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची खूण, कुठे बांधलाय? तो खाली असेल तर शेपूट शेल्फवर आपटून वर उडतं आणि मग कुठल्याच खुणेवर विश्वास ठेवता येत नाही. शेल्फपासून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपेक्षा अर्धा इंच वर बांधा आणि तिथून हळूहळू खाली आणा. आधी वर-खाली नीट करायचं, मग डावं-उजवं.

माळावरचा:
नॉकिंग पॉइंट अर्धा इंच वर आहे, ब्रेस हाइट साडेसात इंच. बायकोला टेप धरायला लावून माप घेतलं: २६.५ इंच. बॅगा मोजायचा डिजिटल काटा दोरीला अडकवून तेवढंच ओढलं तर १६.४ किलो, म्हणजे ३६ पौंड. मी इतके दिवस सगळ्यांना '४० पौंड' सांगत फिरत होतो 😀

तीनबोटी:
मग माझा अंदाज सांगतो. तुमचे बाण लवचीक नाहीत, ते फार ताठ आहेत.

बोटांवरून दोरी सुटते तेव्हा बाण आडवा वाकतो आणि रायझरला वळसा घालून पुढे जातो. हा वाक धनुष्याला जुळला तर शेपूट रायझरला न शिवता निघून जातं. बाण थोडा ताठ असेल तर वाक कमी पडतो आणि तो डावीकडे जातो. पण फारच ताठ असला तर शेपूट रायझरवर आपटतं, डावीकडे फेकलं जातं आणि टोक उजवीकडे वळतं. निशाणावर खूण दिसते लवचीक बाणाची. तुमचा 'टक्' आवाज तोच. कापल्यावर बाण आणखी ताठ झाला, म्हणून दुखणं वाढलं. मीही या फसव्या खुणेपायी अर्धा डझन बाण बुटके करून ठेवलेत.

ताडून पाहायला दोन गोष्टी करा. रायझरच्या बाजूला आणि शेल्फवर टाल्कम पावडर थापा, एक बाण मारा, ओरखडा कुठे उठतो ते बघा. मग टोक जड करा. जड टोकाने बाण जास्त वाकतो. खरंच लवचीक असेल तर तो आणखी उजवीकडे पळेल, ताठ असेल तर सुधारेल.

इंचपट्टी:
आणि त्या '५००' वर विश्वास ठेवू नका, घरी मोजा. २८ इंच, म्हणजे ७१.१ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे, त्यांवर बाण, बरोबर मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगायचं. बाटलीत पाणी भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन जुळवा. मधला भाग १२.७ मिलिमीटर खाली आला तर ५००, १०.२ आला तर ४००, १५.२ आला तर ६००. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक, इथे नवे लोक हमखास गोंधळतात. लाकडी बाणांची पद्धत वेगळी: २६ इंच अंतर, २ पौंड वजन, आणि उत्तर पौंडात.

सातपुडेकर:
धाग्याला थोडा फाटा फोडतो. आमच्याकडच्या तीरकामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची असते. आजा बाण निवडताना दोन्ही हातांनी वाकवून, एक डोळा मिटून बघायचा आणि न आवडलेला चुलीत घालायचा. खिळे नाहीत, बाटली नाही. पण त्याला स्वतःचा एकच कामठा सांभाळायचा होता, तेही खरं.

माळावरचा:
रविवारी सगळं करून पाहिलं. बाटली टांगली: १० मिलिमीटर! म्हणजे ४०० स्पाइन. विकणाऱ्याला फोन केला, 'अरे, असतील' म्हणाला. पावडरीत रायझरच्या बाजूला स्वच्छ ओरखडा उठला.

मग १०० ग्रेनचं टोक काढून न कापलेल्या बाणाला २०० ग्रेनचं लावलं. आवाज बंद. बिनपिसांचा बाण आता डावीकडे लागतोय, हातभर नाही पण वीतभर नक्की. उजवीकडून उडी मारून डावीकडे कसा गेला?

तीनबोटी:
आता तो आपटत नाही, म्हणून पहिल्यांदाच खरं बोलतोय: मी ताठ आहे. रायझरची साइड प्लेट (बाण बाजूला टेकतो तो तुकडा) जाड असेल तर तिच्या जागी पातळ चामडं लावा, बाण मध्याकडे सरकेल, थोडा फरक पडेल. पण ३६ पौंडांना ४०० जुळवणं म्हणजे लहान मुलाला बापाची चप्पल. ६०० चे दोन बाण कुणाकडून तरी उसने मिळतात का बघा, न कापलेले. डझनभर एकदम घेऊ नका. मारण्याआधी प्रत्येक बाण कानाशी धरून वाकवा, कर्रकन वाजला तर मोडून फेका. फुटका कार्बन हातात घुसतो.

इंचपट्टी:
फार हलकेही घेऊ नका. लाकडी धनुष्याला पौंडामागे निदान ९ ग्रेन हवेत. ३६ पौंडांना ३२४ ग्रेन, म्हणजे २१ ग्रॅम. ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर टाका.

माळावरचा:
६०० चे दोन उसने मिळाले. १२५ ग्रेन टोक, ३१ इंच, वजन २४ ग्रॅम (सोनार विचित्र नजरेने बघत होता). पावडरीवर ओरखडा नाही, आवाज नाही. बिनपिसांचा चार बोटं उजवीकडे. या वेळी खरोखर लवचीक समजायचं ना? करवत काढू का?

तीनबोटी:
काढा. पण पाव इंच कापा, सहा बाण मारा, मग पुढचं पाव इंच. दोन बोटांवर आला की थांबा, उरलेलं पिसं सांभाळतील. आणि हो, बाण उसने आहेत ना? कापण्याआधी मालकाला विचारा.

माळावरचा:
अरे हो. विचारतो 😀