अ‍ॅव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन बघावा की सोडावा? आधी काय बघून घेऊ?

सोनटक्का (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. सुट्टीत भावाची मुलं आमच्याकडे आली आहेत, मोठा बारा वर्षांचा, धाकटी नऊची. आत्याने आपल्याबरोबर मार्व्हलचे सुपरहिरो चित्रपट बघायचेच असं मोठ्याचं फर्मान आहे. २०१२ चा पहिला अ‍ॅव्हेंजर्स परवा झाला आणि मला चक्क आवडला. शेवटी सगळे दमूनभागून एक शब्द न बोलता शोर्मा खात बसतात, ते तर फारच. आता पुढचा, एज ऑफ अल्ट्रॉन. पण ऑफिसातली पोरं म्हणतात, त्यात नुसती माणसांची गर्दी आहे, फॅन मंडळीच नाराज झाली होती, तो सोड आणि सरळ इन्फिनिटी वॉर लाव. काय करू? मधले कोणते बघायलाच हवेत? आणि धाकटीला झेपेल का? एंडगेमपर्यंतचे (इन्फिनिटी वॉरच्या पुढचा भाग तो) सगळे बावीस बघा असं कृपया सांगू नका, मला नोकरी आहे.

बटाटेवडा
बघा. सोडू नका. सविस्तर रात्री लिहितो.

किरकिऱ्या
मी 'सोडा' पक्षातला. २४ एप्रिल २०१५ ला, अमेरिकेच्या आठवडाभर आधी, आपल्याकडे लागला होता. पहिल्याच दिवशी कंपूसह गेलो आणि बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये उभ्याउभ्या भांडणं झाली. ट्रेलरने वाट लावली खरं तर. अल्ट्रॉनला जेम्स स्पेडरचा तो आवाज, वर पिनोकिओच्या गाण्याची ओळ, अंगावर काटा आला होता. आणि पडद्यावर काय, तर हा अल्ट्रॉन दर दोन वाक्यांमागे एक टोमणा मारतो. माणूसजात संपवायला निघालेला यंत्रमानव असा थट्टा करत हिंडला तर भीती कुणाला वाटणार?

मग नताशा (ब्लॅक विडो) आणि बॅनर (हल्क) यांचं प्रकरण. मागच्या चित्रपटांत त्याचा मागमूस नाही, इथे एकदम डोळ्यांत डोळे. त्यातच ती आपल्याला मूल होऊ शकत नाही हे सांगताना स्वतःला राक्षस म्हणवून घेते, त्यावर केवढा गदारोळ झाला होता. झालाच पाहिजे होता. आणि थॉर! गडी मधूनच उठून जातो, कुठल्याशा गुहेतल्या पाण्यात उतरतो, त्याला काहीतरी दिसतं, परत येतो. हे सगळं १४१ मिनिटांत कोंबलंय. कोरियातल्या पाठलागापर्यंत माझं लक्ष उडालं होतं.

तिसरी घंटा
किरकिऱ्या, थॉरच्या गुहेबद्दल शंभर टक्के मान्य. अल्ट्रॉनबद्दल नाही. तो टोमणे मारतो कारण तो स्टार्कच्या (आयर्न मॅनच्या) डोक्यातून निघालाय, बापाचीच बोली बोलणार. शस्त्रतस्कर क्लॉबरोबरचा प्रसंग पुन्हा बघा. अल्ट्रॉन बोलता बोलता एक वाक्य टाकतो, क्लॉ चमकून म्हणतो, हे तर स्टार्क मला म्हणायचा. झालं, अल्ट्रॉनचं डोकं फिरतं आणि क्लॉचा हात खाली. वर लगेच सॉरीही म्हणतो. बापाशी तुलना केली की भडकणारं पोर आहे ते. मला तरी तो खलनायक म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही.

आता गर्दी. पहिल्या भागातले सहा जण इथे आहेतच. त्यात वांडा आणि पिएट्रो ही जुळी भावंडं, आणि व्हिजन हा कृत्रिम माणूस. शिवाय फ्युरी, मारिया हिल, रोड्स, फाल्कन, डॉ. चो, क्लॉ, स्ट्रकर. मोजलं तर गर्दी आहेच. पण माझं म्हणणं, चित्रपट या गर्दीने बिघडलेला नाही. उलट यातला सर्वांत चांगला प्रसंग भरगच्च खोलीतलाच आहे. पार्टी उलगली आहे, मंडळी सोफ्यावर पसरली आहेत, टेबलावर थॉरचा हातोडा, जो फक्त लायक असेल त्यालाच उचलता येतो. एकेक जण उचलायला जातो. बार्टन (हॉकआय), मग स्टार्क, मग स्टार्क आणि रोड्स दोघं मिळून लोखंडी पंजे चढवून. बॅनर ओरडून हल्क व्हायचं नाटक करतो, कुणीच हसत नाही. नताशा जागची उठतच नाही. आणि रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) हात लावतो तेव्हा हातोडा किंचित, अगदी किंचित सरकतो. त्या क्षणी कॅमेरा थॉरच्या चेहऱ्यावर आहे, हसू विरतं त्याचं. प्रत्येकाच्या वाट्याला काही सेकंद, आणि तेवढ्यात माणूस कळतो. पुढे व्हिजन तोच हातोडा सहज उचलून थॉरच्या हातात देतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा का हा वाद तिथेच मिटतो. ज्याला गर्दी हाताळता येत नाही तो हे लिहू शकत नाही.

बिघडलं ते दुसरीकडे. पंगतीला आपण बसलोय आणि वाढपी आपल्याला वाढायचं सोडून पुढच्या पंगतीची पानं मांडतायत, असं होतं. गुहा कशासाठी, तर पुढच्या चित्रपटांतल्या इन्फिनिटी स्टोन्ससाठी, म्हणजे त्या शक्तिशाली खड्यांसाठी. वाकांडा या देशाचा उल्लेख पुढच्या ब्लॅक पँथर चित्रपटासाठी. दिग्दर्शक जॉस व्हेडनने नंतर एका पॉडकास्टमध्ये उघड सांगितलं की बार्टनच्या शेतघराचे प्रसंग ठेवायचे तर गुहा ठेवावीच लागेल, असा स्टुडिओचा आग्रह होता. म्हणजे ज्या शेतघरात सगळे पहिल्यांदा माणसांसारखे वागतात, लाकडं फोडतात, भांडतात, ते वाचवायला गुहेचा भुर्दंड भरावा लागला. किरकिऱ्या, चिडायचंच तर त्यावर चिडा.

किरकिऱ्या
पंगत आवडली. मत बदललं नाही.

शाईचा डाग
थोडं अवांतर. आम्ही कॉमिक्सवाले तेव्हा वेगळ्याच कारणाने रुसलो होतो. कॉमिक्समध्ये अल्ट्रॉन १९६८ पासून आहे आणि त्याचा कर्ता हँक पिम, स्टार्क नव्हे. २०१३ च्या ज्या कॉमिक मालिकेवरून नाव उचललं, तिची गोष्टही इथे नाही, फक्त नाव. पिम दिसला तो २०१५ च्याच जुलैमध्ये, अँट-मॅनमध्ये, तोही म्हातारा. मला स्वतःला हा बदल पटला. भयंकर दृश्य बघून हादरलेल्या स्टार्कने जगाला चिलखत घालायला जावं आणि त्यातूनच संकट उभं राहावं, हे त्याच्या स्वभावाला धरून आहे.

क्विकसिल्व्हरवरून, म्हणजे पिएट्रोवरून, मात्र भांडायला मी केव्हाही तयार. आदल्याच वर्षी एक्स-मेनवाल्यांनी त्याचा तो स्वयंपाकघरातला प्रसंग केला होता, गोळ्या हवेत आणि हा निवांत फिरतोय. त्यानंतर इथला पिएट्रो फिकाच वाटणार. हक्क दोन स्टुडिओंत वाटलेले, त्यामुळे मार्व्हलला म्युटंट हा शब्दही वापरता येईना आणि कॉमिक्समधला बाप मॅग्नेटो याच्याशी नातंही दाखवता येईना. मग काय उरलं, तर पळणं.

उनाड पाखरू
आई या नात्याने सांगते. माझ्या लेकीने दहाव्या वर्षी बघितला. रक्ताची थारोळी नाहीत. क्लॉचा हात तुटतो ते झटकन होतं. नताशाच्या लहानपणाचे तुकडे थोडे अस्वस्थ करणारे आहेत, पण मुलांना त्यातलं फारसं कळत नाही. वांडा एकेकाच्या डोक्यात शिरून भीती दाखवते तिथे धाकटी जवळ सरकून बसेल, बसू द्या. आणि शेवटाकडे एक मृत्यू आहे. कुणाचा ते सांगत नाही, पण आमच्याकडे रडारड झाली होती, तयारीत राहा. जिओहॉटस्टारवर हिंदीतही आहे. जोहान्सबर्गमध्ये हल्क आणि स्टार्कच्या हल्कबस्टर चिलखताची जुंपते तिथे भाषेचा प्रश्न येत नाही.

बटाटेवडा
आलो. घंटाताईंनी माझं काम हलकं केलं, मी फक्त क्रम सांगतो.

आधी एकच सक्तीचा, द विंटर सोल्जर (२०१४). शील्ड ही गुप्तहेर संघटना का उरली नाही आणि पहिल्याच मिनिटापासून हे लोक बर्फात कुणाच्या किल्ल्यावर तुटून पडलेत, ते त्याशिवाय कळणार नाही. त्याच्या नामावलीच्या मध्ये स्ट्रकर आणि ती जुळी भावंडं दिसतात, तो तुकडा चुकवू नका. वेळ असेल तर आयर्न मॅन ३, स्टार्कची झोप का उडाली आहे ते कळायला. थॉरचा दुसरा आत्ता राहू द्या, एंडगेमच्या आधी बघा.

सरळ इन्फिनिटी वॉरवर उडी मारू नका हे मात्र कळकळीने सांगतो. सिव्हिल वॉरमधलं अख्खं भांडण सोकोव्हियात (अल्ट्रॉनशी शेवटची लढाई होते त्या काल्पनिक देशात) काय घडलं त्यावर उभं आहे. हल्क विमानातून गेला कुठे, ते थॉर : रॅग्नारोकमध्ये कळतं. आणि व्हिजनच्या कपाळावर तो खडा कसा आला हेच माहीत नसेल, तर इन्फिनिटी वॉरमध्ये वांडाला जे करावं लागतं त्याने तुम्हाला काहीच होणार नाही. तेव्हा अल्ट्रॉननंतर सिव्हिल वॉर, गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सीचा पहिला, रॅग्नारोक, ब्लॅक पँथर, मग इन्फिनिटी वॉर.

जाता जाता, इन्फिनिटी वॉरमध्ये गर्दी कितीतरी जास्त आहे, तरी ती बोचत नाही. त्याचे दिग्दर्शक रुसो बंधू, त्यांनी सगळ्यांना एका खोलीत कोंबलंच नाही. थॉरला रॉकेट आणि ग्रूटबरोबर धाडलं, स्टार्कला स्ट्रेंज आणि स्पायडर-मॅनबरोबर, असे तीन-चार कंपू केले. अल्ट्रॉनमध्ये सगळे बहुतेक वेळ एकत्रच. त्याने धावपळ वाढते हे खरं, पण एकत्र बसून चेष्टामस्करी करणारी ही टोळी नंतर इतकी निवांत फारशी दिसत नाही. मला तरी तो याच कारणासाठी पुन्हा बघावासा वाटतो.

किरकिऱ्या
म्हणजे पुढचे चित्रपट चांगले निघाले म्हणून हा चांगला. हे त्याचं कर्तृत्व कसं?

तिसरी घंटा
काही अंशी बरोबर आहे तुमचं. स्टार्कची भीती खरी ठरली म्हणून आज ती दृश्यं जड वाटतात, २०१५ मध्ये आपण ती घाईची म्हणून सोडून दिली होती. एंडगेममध्ये रॉजर्सच्या हातात हातोडा आला तेव्हा थेटरात जो आरडाओरडा झाला, त्यातला थोडा वाटा त्या पार्टीतल्या किंचित सरकण्याला द्यावाच लागेल. गुहा तेव्हाही वाईट होती, आजही वाईट आहे.

सोनटक्का
मंडळी, खूप आभार. वाचनखूण साठवली. आज विंटर सोल्जर, शनिवारी अल्ट्रॉन. भाच्याला क्रम वाचून दाखवला, तर तो म्हणतो हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. एकच शंका, नावं पूर्ण संपेपर्यंत बसायचं का? धाकटीला झोप येते.

शाईचा डाग
मधेच एक छोटा तुकडा आहे, जांभळा गडी (थानोस, इन्फिनिटी वॉरचा खलनायक) हातात मोजा चढवतो तो. त्यानंतर काही नाही, झोपवा.