मदत हवी आहे: सकाळची बस रोज चुकतेय, मुलगी जागची हलत नाही

एक_मोजा (मंगळवार, रात्री ११:३८)
थेट मुद्द्यावर येते, कारण वेळ नाही. मुलगी सकाळी आवरत नाही. उठवायलाच वीस मिनिटं जातात. मग पलंगाच्या कडेला बसून भिंतीकडे बघत राहते. एक मोजा चढला की दुसऱ्याला दहा मिनिटं. ओरडले की रडते, रडली की अजून उशीर. मागच्या आठवड्यात तीनदा बस गेली, मग मीच सोडायला धावले आणि ऑफिसला लेट. काल मीटिंगमध्ये शिरले तर सगळे माझ्या खांद्याकडे बघतायत. टूथपेस्ट होती.
सगळे उपाय करून झाले आहेत. उद्यापासून चालेल असं काहीतरी सांगा. लेक्चर नको प्लीज.

घड्याळजी (११:४४)
वय?

शिस्त_म्हणजे_शिस्त (११:५१)
सोपं आहे. दप्तर रात्रीच भरायचं. कपडे, मोजे, बूट, रुमाल क्रमाने खुर्चीवर मांडायचे. पाण्याची बाटली भरून दाराशी. आमच्याकडे सकाळी कुणी काही शोधत नाही. दोन्ही मुलं असंच शिकली.

सदाफुली (बुधवार, सकाळी ६:०२)
"सगळे उपाय" म्हणजे नक्की कोणते, आणि प्रत्येक किती दिवस केला? बक्षिसाचा तक्ता तीन दिवस लावून चौथ्या दिवशी विसरला तर तो उपाय केला असं मी धरत नाही. (स्वानुभव. आमचा तक्ता अजून फ्रिजवर आहे, त्यावर चारच चांदण्या.)

आजोबा_आले (७:३०)
आम्ही पाच भावंडं. वडील एकदाच हाक मारायचे. दुसरी हाक कुणी ऐकलेली नाही. हल्ली मुलांना विचारून विचारून उठवतात, मग असंच व्हायचं.

खट्याळ_बाबा (७:४१)
दुसरी हाक ऐकली नाही कारण तोवर पांघरूण ओढलं जायचं, बरोबर ना आजोबा? (हलके घ्या.)

एक_मोजा (८:५५)
दप्तर, कपडे, बाटली सगळं रात्रीच तयार असतं. इतकी बावळट नाही मी. वय साडेचार. आजही बस चुकली. आता ऑफिसच्या लिफ्टमधून लिहितेय.

चित्रतक्ता (९:२०)
साडेचार म्हणजे त्यांना "लवकर कर" हे कळतच नाही. वेळ दिसली पाहिजे. आम्ही लाल चकतीचं टायमर घड्याळ आणलं, वेळ संपत जाईल तशी चकती लहान होते. शिवाय भिंतीवर चित्रं: दात, कपडे, बूट. मुलगा स्वतः पुढच्या चित्राकडे पळतो. सहा महिने झाले, एकदाही ओरडलो नाही.

सदाफुली (९:३३)
आमच्याकडे त्याच टायमरने उलटं झालं. लाल भाग कमी व्हायला लागला की पोरगी रडायलाच लागायची. काही मुलांना त्याची धास्ती बसते.

चित्रतक्ता (९:३६)
मग तुम्ही तो चुकीचा वापरला. आधी खेळात वापरून ओळख करून द्यायची असते.

सदाफुली (९:३८)
हो, घड्याळाचीही ओळख परेड.

खट्याळ_बाबा (९:४०)
मला विचाराल तर रात्री शाळेच्या कपड्यातच झोपवा. आम्ही वर्षभर केलं. थोड्या सुरकुत्या पडतात, कुणी मेलं नाही.

शिस्त_म्हणजे_शिस्त (९:४७)
हे वाचून मला झोप लागणार नाही.

घड्याळजी (१०:०५)
परत विचारतो. बस किती वाजता, उठवता किती वाजता, झोपते किती वाजता?

एक_मोजा (दुपारी १:१५)
बस ७:२०. उठवते ६:१५. झोपते वेळेवर. पण मी सकाळबद्दल विचारलंय, रात्रीचा काही प्रॉब्लेम नाही.

घड्याळजी (१:१८)
"वेळेवर" म्हणजे किती वाजता?

रात्रपाळी (१:२५)
माझा १४ वर्षांचा मुलगा तर सुट्टीत दुपारी १२ ला उठतो. त्याचं काय करायचं?

निवांत (१:४०)
@रात्रपाळी, त्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. सगळाच आळस नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये म्हटलं होतं की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी ८:३० च्या आधी भरूच नयेत. त्यांना ८ ते १० तास लागतात. पण सुट्टीत १२ पर्यंत झोपला की सोमवार जड जाणारच. शाळेच्या दिवसापेक्षा तास-दीड तासच जास्त झोपू द्या.

आजोबा_आले (१:५२)
१४ व्या वर्षी आम्ही कामाला लागलो होतो.

एक_मोजा (रात्री ११:१०)
पावणेअकरा-अकरा. आत्ता झोपली. नऊलाच गादीवर नेते, पण उड्या, पाणी, शू, गोष्ट, परत पाणी. याला मी वेळेवर म्हणते कारण मी माझं काम वेळेवर करते!

घड्याळजी (११:१६)
सापडलं. रात्री ११ ते सकाळी ६:१५, म्हणजे सव्वासात तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये वयानुसार आकडे दिले होते: ३ ते ५ वर्षांना २४ तासांत १० ते १३ तास, दुपारची झोप धरून. तुमची मुलगी आळशी नाही, तिची झोप अपुरी राहतेय. कडेला बसून भिंतीकडे बघणं म्हणजे शरीर उठलंय, डोकं अजून झोपेतच. त्यावर बक्षीस काय करणार?
दुपारी झोपते का? किती?

शिस्त_म्हणजे_शिस्त (११:२५)
सगळ्यांना १० तास लागतात हे थोतांड आहे. माझा धाकटा आठ तासांत ताजातवाना असायचा.

निवांत (११:३१)
एखाद्याला कमी पुरतही असेल, पण मग तो सकाळी हाक मारल्यावर उठतो. जो वीस मिनिटं उठत नाही त्याला पुरलेली नाही, एवढं साधं आहे.

पडदा_बंद (११:४०)
मोबाईल! कुणी बोलतच नाहीये. रात्री किती बघते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासापेक्षा जास्त नको. संध्याकाळी डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की झोपेची तयारी करणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं, आणि लहान मुलांवर त्याचा परिणाम जास्त होतो. आमच्याकडे आठनंतर मोबाईल-टीव्ही सगळे पडदे बंद. आमचेसुद्धा.

खट्याळ_बाबा (११:४३)
११:४० ला पडदा बंद यांचा प्रतिसाद. असो.

पडदा_बंद (११:४४)
मी मोठा आहे.

पडदा_बंद (११:४४)
दोनदा पडला. प्रतिसाद काढून टाकला आहे.

एक_मोजा (गुरुवार, सकाळी ९:०४)
मोबाईल नाही बघत. टीव्ही अर्धा तास, तो पण मी आवरत असताना, त्यावर मला कुणी काही बोलू नये. दुपारी पाळणाघरात झोपते. किती ते माहीत नाही, कधी विचारलं नाही. मुलं दुपारी झोपतातच ना?

काम_सोडा (९:३०)
माझं स्पष्ट मत, घरून काम मिळतंय का बघा. मी बघितलं, मिळालं, आयुष्य बदललं. सीव्ही पाठवा, नजर टाकतो.

सदाफुली (९:४१)
प्रश्न मोज्याचा होता.

घड्याळजी (९:४५)
पाळणाघरात विचारा. किती वाजता झोपते आणि किती वाजता *उठते*. दुसरं जास्त महत्त्वाचं.

एक_मोजा (रात्री १०:२०)
विचारलं. साडेतीनला झोपवतात, मी घ्यायला जाईपर्यंत झोपलेलीच असते. कधी पावणेसहा, कधी सहा. आधी दीडला झोपवायच्या, पण दोन महिन्यांपूर्वी नवीन बाळं आली म्हणून वेळ पुढे ढकलली. मला सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नाही.
आणि हो, बस पण दोन महिन्यांपासूनच चुकतेय. आत्ता हे टाईप करताना लक्षात आलं.

घड्याळजी (१०:२६)
म्हणजे सहाला ताजी होऊन उठते आणि नऊला तुम्ही तिला गादीवर नेता. तुम्ही सहाला उठलात तर नऊला झोपाल का? जागेपणी झोपेचा जोर हळूहळू साठत जातो, दुपारच्या झोपेने तो उतरतो. सहाला पाटी कोरी झाली तर भरायला अकरा वाजणारच. शिवाय नेहमीच्या झोपेच्या आधीचे एक-दोन तास शरीर उलट जास्त जागं असतं. त्याच वेळी तुम्ही तिला आडवी करायला बघताय. उड्या त्याच्याच.

शिस्त_म्हणजे_शिस्त (१०:३५)
मग दुपारची झोप बंद करा. विषय संपला.

निवांत (१०:४८)
बंद नको! बरीच मुलं ३ ते ५ या वयात दुपारची झोप आपणहून सोडतात, पण हिची रात्रच अपुरी आहे. एकदम तोडली तर संध्याकाळी सहाला गाडीत झोपेल, पुन्हा तेच. दुपार आधी आणा, एक-सव्वा तासावर थांबवा, तीनच्या आत उठवायला सांगा.
आणि रात्री नऊलाच आडवी करायचा हट्ट काही दिवस सोडा. खरी झोप लागते त्या सुमारासच गादीवर न्या, पटकन झोपायला लागली की दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. सकाळची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही तीच. उठल्यावर खिडकीचे पडदे उघडायचे, उजेड तोंडावर. बाकी सगळं ढिलं चालेल, सकाळ नाही.

डॉक्टर_नाही_पण (१०:५५)
घोरते का? तोंड उघडं ठेवून झोपते का? माझ्या पुतणीला वाढलेल्या ॲडेनॉइड्समुळे (नाकामागच्या गाठी) रात्रभर नीट झोपच लागत नव्हती, आम्ही वर्षभर तिला आळशी म्हणत बसलो. असेल तर घड्याळ राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.

एक_मोजा (११:०२)
नाही घोरत.
पाळणाघराला उद्या सांगते. पण एक सांगू का. मी सात-साडेसातला घरी येते (तिला सहाला माझी बहीण... नाही, मीच घेते, पण मग वाटेत कामं). आवरेपर्यंत आठ. नऊला खरंच झोपली तर मला ती तासभर मिळते. ते दहा-साडेदहा, दिवा बंद असताना, तेव्हाच ती सांगते दिवसभर काय झालं, कोणी ढकललं, कोणाचा दात पडला. दिवसा विचारलं तर "काही नाही". मला ते पण हवंय. हे मूर्खपणाचं आहे माहीत आहे.

सदाफुली (११:०९)
मूर्खपणाचं अजिबात नाही. मी तर म्हणते धाग्यात पहिल्यांदा तुम्ही खरा प्रश्न विचारलात. पण दिवा बंद करून गप्पा आठ-साडेआठलाही होतात. आधी दिवा, मग गप्पा, मग झोप. मुलांना काळोख लागतो, दहा वाजलेले लागत नाहीत.

काम_सोडा (११:१५)
म्हणूनच मी म्हटलं घरून काम.

आजोबा_आले (शुक्रवार, सकाळी ६:४०)
मुलीचे वडील कुठे आहेत या सगळ्यात?

चित्रतक्ता (६:५५)
आजोबा, आईने धागा काढला म्हणून लगेच असं विचारायचं नसतं.

सदाफुली (७:०२)
नाही हो, पहिल्यांदाच आजोबांशी सहमत. मलाही विचारायचं होतं.

एक_मोजा (८:५८)
आहेत, घरीच आहेत. पावणेदहाला येतात. दार वाजलं की ही गादीवरून थेट हॉलमध्ये. मग अर्धा तास कुस्ती. त्यालाही दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो, मी काय बोलणार? हे लिहायचं राहिलं, मला वाटलं सगळ्यांकडे असंच असतं.

घड्याळजी (९:०३)
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!!

खट्याळ_बाबा (९:१२)
जरा गंभीरपणे लिहितो. मीही दहाला येणारा बाप आहे. आम्ही अदलाबदल केली. रात्र बायकोची, सकाळ माझी. उठवणं, दात, बूट, बसपर्यंत चालणं, सगळं मी. कुस्ती सकाळी सहाला, उठवायलाच. तिच्याच हाती असताना मुलगा हलायचा नाही, माझ्याबरोबर नवी सुरुवात असल्याने रडगाणं नव्हतं. रात्री मी किल्लीने हळू दार उघडतो, चप्पल बाहेरच. पहिले चार-पाच दिवस मुलगा जागा राहून वाट बघायचा, आणखी जोरात रडायचा. तेव्हा हात टेकले नाहीत तर पुढे सुटतं.

शिस्त_म्हणजे_शिस्त (९:२०)
शाळेच्या कपड्यात झोपवणारा माणूस बरोबर बोलतोय. कठीण आहे.

एक_मोजा (१२ दिवसांनी, दुपारी १:१०)
विचारताय म्हणून लिहिते. पाळणाघराने आधी नाही म्हटलं, मग एकला झोपवून सव्वादोनला उठवायला तयार झाले. पहिले तीन दिवस संध्याकाळी नुसती किरकिर, मी सोडूनच देणार होते. आता सव्वानऊ-साडेनऊला झोपते. दिवा सव्वाआठला बंद करते. दोन दिवस काही बोलली नाही, मग काल सांगितलं की तिच्या मैत्रिणीने गोगलगाय खिशातून आणली होती.
सकाळ नवऱ्याकडे. बस या आठवड्यात एकदाच चुकली, तीही त्याला मोजा सापडला नाही म्हणून. रात्री खुर्चीवर ठेवलाच नव्हता.

शिस्त_म्हणजे_शिस्त (१:१४)
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

चित्रतक्ता (१:३०)
टायमर घेतलात का?

रात्रपाळी (१:४५)
माझ्या १४ वर्षांच्या मुलाचं राहिलंच. वेगळा धागा काढू का?

घड्याळजी (१:४६)
काढा. झोपायची वेळ पहिल्याच ओळीत लिहा.