शनिवारचा चित्रकला वर्ग : बाईंचा हात दिसतो, रेघ दिसत नाही

प्रेषक : समन्वयक, चित्रकला वर्ग (एडिसन, अमेरिका; मूळ गाव जालना)

सर्वांना नमस्कार.

बाई छत्रपती संभाजीनगरहून झूमवर आपल्या मुलांचा जो तास घेतात, त्या गेल्या शनिवारच्या तासानंतर चार पालकांनी मला वेगवेगळे फोन करून एकच गोष्ट सांगितली. पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलातला मोर) काढताना बाईंचा हात पडद्यावर स्वच्छ दिसत होता, पण त्याखालची पेन्सिलीची रेघ अजिबात दिसत नव्हती, आणि मुलांनी शेवटी नुसत्या बोलण्यावरून अंदाजाने मोर पूर्ण केले. सप्टेंबरातल्या दोन्ही तासांना ही अडचण आली नव्हती. येत्या शनिवारी पदराचा पुढचा भाग आहे, म्हणून गुरुवारपर्यंत निर्णय व्हायला हवा. मागच्या सभेत ज्याचा विषय निघाला होता तो डॉक्युमेंट कॅमेरा (टेबलावरचा कागद वरून दाखवणारा कॅमेरा) मंडळाच्या खर्चाने घेऊन छत्रपती संभाजीनगरला बाईंकडे पोहोचवावा, अशी माझी विनंती आहे.

---

प्रेषक : कोषाध्यक्ष

विनंती वाचली. बाई दर शनिवारी आपल्या मुलांसाठी जे करतात त्याची किंमत पैशात होणार नाही, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र गणेशोत्सवाचा हिशेब अजून बंद झालेला नाही, आणि इथून उपकरण पाठवायचे तर सीमाशुल्काचा प्रश्न येतो. घ्यायचेच झाले तर ते तिकडेच घेणे योग्य ठरेल. तंत्र समितीने आधी अडचण नेमकी काय आहे ते पाहावे. शिवाय चित्रकला वर्ग हा सांस्कृतिक समितीचा उपक्रम असल्यामुळे खरेदीचा प्रस्ताव त्या समितीमार्फत यायला हवा, हे मी उन्हाळी सहलीच्या वेळीही लिहिले होते.

---

प्रेषक : समन्वयक, चित्रकला वर्ग

> चित्रकला वर्ग हा सांस्कृतिक समितीचा उपक्रम असल्यामुळे

काका, आदरपूर्वक सांगते की हा वर्ग पहिल्या दिवसापासून मराठी शाळेच्या वेळापत्रकात आहे आणि त्याची नोंदणी शाळा समितीच करते. प्रस्ताव कोणी आणायचा हे आपण सभेत ठरवू. शनिवार मात्र सभेसाठी थांबणार नाही.

---

प्रेषक : तंत्र समिती (मूळ गाव नांदेड)

मी शनिवारी मुलीच्या शेजारी बसून पूर्ण तास पाहिला. बाई सध्या दुसऱ्या फोनवरून वेगळ्या सहभागी म्हणून तासात येतात, म्हणजे टेबलावरचे चित्र हे वीस चौकटींपैकी एक चौकट होऊन राहते आणि ज्या मुलाने ती मोठी करून घेतली नसेल त्याला ती टपाल तिकिटाएवढी दिसते. याऐवजी बाईंनी फोन केबलने लॅपटॉपला जोडून वेबकॅमसारखा वापरावा आणि झूममध्ये ‘शेअर स्क्रीन’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवण्याची जी सोय आहे ती निवडावी. तेच चित्र मग शेअर केलेल्या पडद्यासारखे सर्वांकडे आपोआप मोठे दिसते आणि बाईंचा चेहराही बाजूला राहतो.

दोन उपकरणांची सध्याची पद्धत तात्पुरती चालू ठेवायची असेल, तर दुसऱ्या फोनचा नुसता माइक बंद करून भागत नाही. त्याचा आवाज पूर्ण तोडावा लागतो, नाहीतर गेल्या वेळी झाला तसा घुमारा होतो. चित्र उलटे दिसते ही बाईंची तक्रार फक्त त्यांच्या स्वतःच्या पडद्यापुरती आहे. आरशासारखे दिसणे हे स्वतःच्या चौकटीतच होते, मुलांना अक्षरे सुलटच दिसतात. कागद आडवा किंवा डोक्यावर उभा दिसत असेल, तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये चित्र नव्वद अंशांनी फिरवण्याचे बटण आहे.

---

प्रेषक : एक पालक (मूळ गाव लातूर)

माझी अडचण कॅमेऱ्याची नाही, कागदाची आहे. बाई म्हणाल्या, “ए-फोर कागदाची मधोमध घडी घाला आणि आलेखाच्या कागदावर बारा सेंटिमीटरची पट्टी सोडा.” इकडे घरोघरी मिळतो तो लेटर आकाराचा कागद, साडेआठ बाय अकरा इंचांचा. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटरचा असल्याने घडी घातल्यावरही त्याचे प्रमाण तेच राहते, लेटरचे राहत नाही. आमच्याकडच्या आलेखाच्या कागदावर चौकटीही पाव इंचाच्या आहेत. माझ्या मुलाच्या मोराची मान बांगडीबाहेर गेली आणि तो तास संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. कृपया सर्वांनी एकाच आकाराचा कागद मागवावा.

---

प्रेषक : ज्येष्ठ सभासद (मूळ गाव परभणी)

आलेखाच्या कागदावरून आठवले. मी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्य भूमिती हे शब्द आजही कानावर पडले की पेन्सिलीच्या छिलक्यांचा वास येतो. वस्तुचित्राच्या तासाला आमचे सर बाकांमधून फिरत, आणि मुलाच्या खांद्यावरून वाकून, त्याच्या चित्राला हात न लावता, कोपऱ्यात लहानशी आकृती काढून चूक दाखवत. आपण सगळे बाईंचा हात मुलांना दिसावा म्हणून एवढा विचार करत आहोत, पण मुलांचा हात बाईंना दिसतो का, हे कोणी विचारले नाही. माझ्या नातीचा टॅबलेट तासभर तिच्या कपाळाकडे रोखलेला असतो. तो पुस्तकांच्या थप्पीवर पुढे झुकवून कागदाकडे वळवला, तर मुलीने पेन्सिल टोकाशी धरली आहे की मधे, हे बाईंना त्याच वेळी कळेल. तास संपल्यावर आलेल्या छायाचित्रात पूर्ण झालेला मोर दिसतो, तो कसा काढला गेला हे दिसत नाही.

---

प्रेषक : बाई (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आपण माझ्यासाठी एवढा विचार करत आहात हे वाचून भरून आले. परंतु खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी कृपया हे पत्र पूर्ण वाचावे, कारण गेले तीन दिवस मी आणि माझा भाचा रोज संध्याकाळी टेबलाशी बसून हाच एक प्रश्न सोडवत होतो आणि दोष कॅमेऱ्याचा नाही, उजेडाचा आहे, असे माझे मत झाले आहे.

आपला तास तिकडे सकाळी आठला, म्हणजे इथे संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो. सप्टेंबरात तास संपेपर्यंत पश्चिमेच्या खिडकीतून भरपूर उजेड येत होता. आता ऑक्टोबर संपत आला; सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मी ट्यूबलाइट लावते, आणि ती माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. म्हणजे मी कागदावर वाकले की माझ्याच डोक्याची सावली मोरावर पडते. दुसरे असे, की माझ्या टेबलाचा सनमायका काळपट आहे. भाच्याने दाखवून दिले की कॅमेरा चौकटीतला बराचसा भाग काळा पाहून उजेड वाढवतो, आणि त्या वाढवलेल्या उजेडात पांढरा कागद इतका भगभगीत होतो की एचबीची बारीक रेघ त्यात विरून जाते. आम्ही टेबलावर जुनी पांढरट चादर अंथरली आणि दुसरे काहीही न बदलता रेघ पुन्हा दिसू लागली. मी तीनदा चादर काढून, पुन्हा घालून खात्री करून घेतली.

नंतर पेन्सिली तपासल्या. एकाच कागदावर एचबी, टूबी, फोरबी आणि सिक्सबी अशा चार रेघा ओढून भाच्याच्या फोनवर पाहिल्या, तेव्हा एचबी ओळखू येत नव्हती, टूबी दबक्या आवाजात बोलल्यासारखी होती आणि फोरबी स्वच्छ होती. सिक्सबीची रेघ चांगली दिसते, पण हाताने पुसली जाते. यापुढे दाखवताना मी फोरबीच वापरेन, मुलांनी मात्र एचबीच वापरावी. त्यांना खोडायचे असते. टेबललॅम्प डाव्या हाताला ठेवला की माझ्या उजव्या हाताची सावली रेघेवर न पडता पलीकडे जाते. दिव्यापुढे बटर पेपर लावल्यामुळे सावलीची कडही मऊ झाली. लॅम्प फार समोर आणला, तर शिसे चकाकते आणि रेघ पुन्हा दिसेनाशी होते, म्हणून तो कडेलाच हवा.

फोन मी दोन स्टुलांवर आडव्या टाकलेल्या फळीच्या कडेवर ठेवते, भिंग तेवढे कडेबाहेर काढून, कागदापासून सव्वा फूट उंचीवर. फळीचा पाया टेबलाला टेकत नसल्यामुळे मी खोडताना चित्र हलत नाही. माझ्या मते डॉक्युमेंट कॅमेरासुद्धा याच उजेडात ठेवला असता, तर रेघ दिसली नसती. अमेरिकेहून आलेला जो वेबकॅम माझ्याकडे आहे त्याच्या चित्रात ट्यूबलाइटखाली काळपट पट्टे सरकत होते. त्याच्या सेटिंगमध्ये तिकडच्या विजेचे साठ हर्ट्झ होते, इथे वीज पन्नास हर्ट्झची आहे. आकडा बदलला आणि पट्टे गेले.

लातूरच्या ताईंना सांगायचे आहे की चूक माझी आहे. पैठणीचा मोर विणकर सेंटिमीटरने मोजत नाही, तो धागे मोजतो. उभ्या-आडव्या धाग्यांमुळेच त्या मोराच्या वळणाला बारीक पायऱ्या असतात. मीही घरे मोजायला सांगायला हवे होते. बांगडी चोवीस घरांची, मोराची छाती आठ घरांची, मान पाच घरांची, असे सांगितले की चौकट पाव इंचाची असो वा सेंटिमीटरची, मोर बांगडीतच राहील. कोणीही नवा कागद मागवू नये. आपल्या मुलाला सांगा की त्याने काढलेल्या मानेचा बाक वर्गात सगळ्यांत चांगला होता. ती मला छायाचित्रात दिसली आहे.

परभणीच्या काकांचे म्हणणे मी आजपासून पाळणार आहे. दर पंधरा मिनिटांनी मी हात थांबवेन आणि मुलांनी आपापला कॅमेरा कागदाकडे वळवावा. छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून जोडावीत, म्हणजे बारीक रेघा जात नाहीत.

पुढच्या महिन्यात अजिंठ्याचे रंग घ्यायचे आहेत : गेरू, पिवडी, काजळी, चुना. पिवळ्या बल्बखाली गेरू पडद्यावर नारिंगी दिसतो, हे मी कालच पाहिले, म्हणून तोपर्यंत पांढऱ्या उजेडाचा दुसरा दिवा मला लागेल. कागदाच्या कोपऱ्यात एक कोरी पांढरी चिठ्ठीही ठेवेन, म्हणजे चिठ्ठी पिवळट दिसली की रंग फसवत आहे हे मुलांना कळेल.

---

प्रेषक : कोषाध्यक्ष

बाई, दिव्याचा आणि फोन लॅपटॉपला जोडायच्या केबलचा खर्च मंडळाने करावा, यासाठी कोणत्याही समितीच्या प्रस्तावाची वाट पाहण्याची गरज नाही, पावती पाठवावी. डॉक्युमेंट कॅमेऱ्याचा विषय मी सभेच्या पत्रिकेतून काढत आहे. राऊटर इन्व्हर्टरवर आहे ना, हे मात्र एकदा पाहून घ्यावे.

---

प्रेषक : बाई

राऊटर इन्व्हर्टरवर आहे, आता टेबललॅम्पही त्यावर घेतला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचे घड्याळ मागे जाईल, तेव्हा आपला आठचा तास इथे साडेसहाला, पूर्ण अंधारात येईल. तुम्ही वेळ बदलू नका, मुलांची सवय मोडते. गुरुवारी संध्याकाळी सहाला मी दहा मिनिटे जोडून बसते. तिकडे सकाळचे साडेआठ असतील. कोणा एका पालकाने लहान फोनवरून पाहून फक्त एवढेच सांगावे, की मोराच्या डोळ्याभोवतीची रेघ दिसते की नाही.

---

प्रेषक : एक पालक (मूळ गाव लातूर)

मी येते. मुलगाही शाळेत जाण्याआधी थांबणार आहे.