भाड्याच्या फ्लॅटमधलं स्मार्ट लॉक, डोअरबेल: रिसेट केलं की झालं का?

बाणेर_भाडेकरू:
बाणेरला फर्निश्ड टूबीएचके, ११ महिन्यांचा करार. स्मार्ट लॉक, व्हिडिओ डोअरबेल, हॉलमध्ये कॅमेरा, गीझरला स्मार्ट प्लग, वायफायसुद्धा मालकांचंच. सगळं रिसेट केलं तर मालकांचा आणि आधीच्या भाडेकरूचा ॲक्सेस जातो का?

लकडीपूल:
जाईलच असं नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत रिसेटने फक्त वायफाय पुसलं जातं. उपकरण कोणाच्या खात्याचं, ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते. तुम्ही जोडायला गेलात की ‘दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे’ असं येतं. म्हणून आधी मालकांनी त्यांच्या ॲपमधून उपकरण काढायचं, मग टाचणीने रिसेटचं बटण ५-१० सेकंद दाबायचं, मग तुमचं खातं. हे किल्ली घेतानाच, समोरासमोर. मेमरी कार्ड वेगळं काढून द्या, त्यातलं रेकॉर्डिंग रिसेटनंतरही राहू शकतं.

हॉलच्या कॅमेऱ्यावर डोकं घालवू नका, अडॅप्टरसकट परत करा. लेन्सवर पट्टी चिकटवून माइक बंद होत नाही. आणि प्लगला कमी लेखू नका: गीझर कधी चालू झाला यावरून घरी कोण कधी असतं ते सहज कळतं.

कडीकोयंडा:
लॉकचं गणित निराळं. ठसे, पिन, कार्ड लॉकच्याच मेमरीत असतात. ॲपमधून खातं काढलं तरी जुना पिन चालू राहू शकतो. रिसेट बटण बहुधा बॅटरीच्या कप्प्यात असतं. रिसेटनंतर मास्टर पिन मॅन्युअलमध्ये छापलेल्या आकड्यावर येतो, तो लगेच बदला (इथेच बहुतेक जण चुकतात). मग जुना पिन मुद्दाम टाकून बघा. साध्या किल्ल्या किती आणि कोणाकडे, हे करारात लिहून घ्या. रात्री आतून कडी लावा. ती कुठल्याच ॲपमधून उघडत नाही.

बाणेर_भाडेकरू:
आणि वायफाय? मालक राउटरला हात लावू देत नाहीत.

लकडीपूल:
नकाच लावू. स्वतःचा राउटर घेऊन त्याचा वॅन पोर्ट (इंटरनेट आत येतं तो) त्यांच्या लॅन पोर्टला (उपकरणं जोडायच्या) जोडा. त्यांच्या राउटरचे आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाचा क्रमांक) १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर तुमचे १९२.१६८.५० ठेवा, नाहीतर दोन्ही भिडून नेट बंद पडतं. डोअरबेल आणि प्लग तुमच्या राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय), २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवून. ५ गिगाहर्ट्झवर ते बहुधा जोडलेच जात नाहीत. गेस्टवरून तुमच्या मुख्य वायफायवरच्या प्रिंटरला पिंग करा (उपकरण उत्तर देतं का ते बघायची चाचणी). उत्तर आलं तर गेस्ट नावापुरतंच वेगळं. प्रिंटरऐवजी लॅपटॉपला पिंग करून ही चाचणी करू नका, विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला एरवीही उत्तर देत नाही.

एवढं करूनही तुम्ही उघडलेल्या साइटची नावं मालकांच्या राउटरला दिसू शकतात, मजकूर नाही. तेही नको असेल तर स्वतःचं कनेक्शन घ्या.