गर्भपाताच्या कायद्यात पुढे काय होईल, याचा अंदाज कशावरून बांधावा?

प्रश्न (राज्यशास्त्राचा विद्यार्थी, कऱ्हाड) : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा निकाल रद्द करून हा विषय राज्यांकडे सोपवला. तेव्हापासून एखाद्या राज्याच्या विधिमंडळात बहुमत कोणाचे आहे, एवढे पाहिले तरी बंदी येणार की नाही, हे बरेचसे सांगता येते. आपल्याकडेही असे आडाखे बांधता येतील का?

उत्तर (वकील, सातारा) : पक्षीय बलाबल इथे फारसे उपयोगी पडत नाही. हा कायदा केंद्राचा आहे, आणि त्याची दुरुस्ती मार्च २०२० मध्ये लोकसभेत व मार्च २०२१ मध्ये राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. कोणी कसे मत दिले याची नोंदच नसेल, तर आकडेमोड कशाची करणार? त्यापेक्षा न्यायालयात कोणत्या प्रकारच्या याचिका साचत आहेत, ते पाहावे. १९७१ च्या कायद्यातील वीस आठवड्यांच्या मर्यादेमुळे २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दांपत्याची याचिका फेटाळली होती. ती मर्यादा चोवीसवर जायला तेरा वर्षे लागली, आणि तीही ठरावीक गटांतील स्त्रियांपुरतीच. दिशा कळली तरी वर्ष सांगता येत नाही, ते असे.

उत्तर (निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज) : मसुद्यातून काय गळले, तेही पाहावे. २०१४ च्या मसुद्यात आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर आणि परिचारिका यांनाही गर्भपात करण्याची परवानगी देण्याचा प्रस्ताव होता, त्याला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी विरोध केला (त्यांत मीही होतो, हे कबूल करतो), आणि २०२१ च्या कायद्यात तो आलाच नाही. मर्यादा मात्र वाढली, कारण तिची अडचण आम्हा डॉक्टरांनाही रोज दिसत होती. बाळातील व्यंग पाहण्याची सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत होते. जतकडची एक बाई ऊसतोडीवरून परतून माझ्याकडे आली तेव्हा बाविसावा आठवडा लागला होता. रिपोर्ट वाचून मी तो तिच्या नवऱ्याच्या हातात परत दिला आणि वकील गाठायला सांगितले.

उत्तर (वकील, सातारा) : मूळ प्रश्नातील गृहीतकही थोडे तपासावे. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या विधिमंडळाने राज्याच्या घटनेतून गर्भपाताचा हक्क काढून टाकणारी घटनादुरुस्ती दोन-तृतीयांश बहुमताने पुढे केली होती, पण ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ५९ टक्के मतदारांनी ती नाकारली. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमांचा अर्थ लावूनच अविवाहित स्त्रियांना चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत सामावून घेतले. न्यायालयाने वाट काढून दिली की संसदेवरचा रेटा ओसरतो, त्यामुळे त्या मुद्द्यावर लवकर विधेयक येईल, असे मी तरी धरणार नाही.